सटवाईच्या नावावर किती दिवस खपवणार?

गेल्या महिन्यात आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. श्रद्धांजली झाली, अहवाल वाचून झाला, हिशेब मंजूर झाले आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' आले. त्यात सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षाला संस्थेतर्फे एक वॉर्मर भेट द्यावा आणि त्यावर संस्थेच्या नावाची पाटी लावावी, असा ठराव आला. मी उठून एवढेच विचारले की, ते यंत्र सांभाळायला रात्रपाळीला किती परिचारिका असतात, हात धुवायला नळाला पाणी असते का, हे कोणी पाहून आले आहे काय? सभागृहात चुळबूळ झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी मला समजावले, "अहो, तुम्ही बँकेतले. हा डॉक्टरांचा विषय आहे. आणि आपली संस्था भाषा-संस्कृतीची." टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला, चहा झाला.

त्या टाळ्यांना उत्तर म्हणून हा लेख आहे. मी डॉक्टर नाही हे खरेच. पण आकडे वाचता येतात, आणि एक बाळ घरात जाताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. एवढी पात्रता मला पुरेशी वाटते.

शहाणे बाळ

१९९६ सालची गोष्ट. मी अकरावीत होतो. ताईचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. एका खाजगी नर्सिंग होममध्ये मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आली. घर माणसांनी भरले. चौथ्या दिवशी बाळ फारसे रडेना. आजी कौतुकाने म्हणाली, "किती शहाणं बाळ आहे, आवाजसुद्धा नाही." संध्याकाळी ते अंगावर पिईना. आत्याने घुटी उगाळून चमच्याने घातली. पाचव्या दिवशी हातपाय गार लागले, तेव्हा दुपट्यात आणखी गुंडाळले. त्या संध्याकाळी पाचवीची पूजा झाली, पाट्यावर वरवंटा मांडला, शेजारच्या काकू ओटी भरून गेल्या. रात्री अकराला बाळ निळसर दिसू लागले, तेव्हा स्कूटरवरून डॉक्टरांकडे धावलो. सहाव्या दिवशी पहाटे ते गेले. डॉक्टर म्हणाले, "रक्तात जंतू गेले होते. काल सकाळी आणायला हवे होते." आजी म्हणाली, "सटवाईने लिहिलेच तसे होते."

आमचे घर अडाणी नव्हते. वडील ग्रॅज्युएट, घरात दोन वर्तमानपत्रे, कपाटात ज्ञानेश्वरीपासून शेक्सपिअरपर्यंत पुस्तके. पण घरातल्या नऊ माणसांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते की, आजारी नवजात बाळ आक्रोश करत नाही, ते गप्प होते. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो. नवजात बाळाचे अंग उलट गारही पडू शकते. ज्याला आपण शहाणपण म्हणालो ती खूण होती, आणि सटवाईच्या लेखणीआधी दीड दिवस ती आमच्या डोळ्यांसमोर होती.

ही खूण ओळखायला एम.बी.बी.एस. व्हावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दोन महिन्यांखालच्या बाळासाठी जी धोक्याची लक्षणे सांगितली आहेत, ती आपल्या घरातील कोणतीही सून, सासू किंवा आजोबा पाठ करू शकतात. बाळ नीट पीत नाही किंवा पिणे बंद झाले. हलवल्याशिवाय हालचाल करत नाही. झटके आले. श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाते. पहिल्या आठवड्यातल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आहे. काखेतले तापमान ३८ अंश किंवा वर आहे, अथवा ३५.५ च्या खाली आहे. यांपैकी एकही लक्षण दिसले की बाळ त्याच तासाला दवाखान्यात गेले पाहिजे. उद्या सकाळी नाही, बारशाचे पाहुणे गेल्यावर नाही. नवजात बाळात हा आजार काही तासांत हाताबाहेर जातो, कारण त्याची प्रतिकारशक्ती अजून घडत असते आणि जंतू रक्तातून मेंदूपर्यंत, फुप्फुसापर्यंत झपाट्याने पोचतात.

गडचिरोलीचा धडा, जो आपण वाचला नाही

डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात आहे. आपले कोलेस्टेरॉल आणि आपली छाती यांची चिंता असल्याने ते पुस्तक आपण वाचले. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ज्या कामासाठी जगात नाव मिळवले ते काम आपण किती जणांनी समजून घेतले?

१९८६ साली या दांपत्याने गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळांसाठीचा त्यांचा प्रयोग १९९३ ते १९९८ असा चालला. ३९ गावांत नवी पद्धत लागू केली आणि तुलनेसाठी ४७ गावे जशी होती तशी ठेवली. गावातलीच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली बाई निवडली. तिला बाळाचे वजन करणे, तापमान पाहणे, घड्याळ लावून श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, आईला नीट पाजायला शिकवणे, हे सर्व शिकवले. ती घरोघर जाऊन बाळ तपासू लागली. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्सॅझोलचे पातळ औषध तीच देऊ लागली.

१९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे उपचारापूर्वी सुमारे १७ दगावत, ते प्रमाण ३ च्या खाली आले. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दोनशे रुपयांच्या आसपास. दर १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळला, पोटातला किंवा जन्मानंतरचा. आता गुणाकार करा. एक जीव वाचवायला साडेतीन हजार रुपयांच्या आसपास खर्च. आपल्या गणेशोत्सवाच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचे भाडे किती होते, ते खजिनदारांनी सांगावे.

या कामात महाग यंत्र नव्हते. पाटी लावायला जागाच नव्हती. कदाचित म्हणूनच आपल्याला ते दिसले नाही.

'अडाणी बाईच्या हाती सुई?'

हा आक्षेप तेव्हाही आला आणि आपल्या सभेनंतर चहाच्या वेळी एका निवृत्त प्राध्यापकांनी मलाही तो ऐकवला. सातवी शिकलेली बाई बाळाला इंजेक्शन देणार, हे धोक्याचे नाही का? आक्षेप ऐकायला जबाबदार वाटतो. पण त्याच्या मागे एक गृहीत लपलेले आहे. ते असे की, ती बाई नसेल तर बाळाला डॉक्टर मिळेल. गडचिरोलीत तसे नव्हते. तिथे एका बाजूला ती शिकवलेली बाई होती, तर दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हते. प्रयोगात मृत्यू वाढायला हवे होते, ते निम्म्याहूनही कमी झाले. आक्षेप घेणाऱ्याने या आकड्याला उत्तर द्यावे, बाईच्या इयत्तेला नव्हे.

केंद्र सरकारने २०११ साली आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी ही योजना देशभर आणली. ही गडचिरोलीच्या कामाला मिळालेली पावतीच होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या. त्या सगळ्यांबद्दल आशाला २५० रुपये. भागाकार केला तर एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. आणि इंजेक्शन मात्र तिच्या हातून काढून घेतले. २०१४ साली, बाळाला वरच्या दवाखान्यात नेणे शक्य नसेल अशा ठरावीक परिस्थितीत, एएनएमला जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्गदर्शक तत्त्वे काढली की, बाळाला मोठ्या रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तर जवळच्या केंद्रात रोज एकदा जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि दिवसातून दोनदा तोंडावाटे अमॉक्सिसिलिन असा उपचार करावा. म्हणजे गडचिरोलीच्या झोपडीत जे सिद्ध झाले ते जिनिव्हापर्यंत पोचायला सोळा वर्षे लागली. आपल्या सभागृहात ते अजून पोचायचे आहे.

झाबुआ आपल्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर. तिथल्या पाड्यावर रात्री दोन वाजता बाळ प्यायचे थांबले तर काय होते? ते उपकेंद्रावर नेले, तर एएनएम जागेवर आहे का, तिच्या कपाटात जेंटामायसिनची कुपी आहे का, आणि तसे देण्याचा आपल्याला अधिकार आहे हे तिला कोणी सांगितले आहे का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते बाळ सकाळ पाहील की नाही हे ठरते. त्या पाड्यावर वॉर्मर काय कामाचा?

'आमच्याकडे सगळे नर्सिंग होममध्येच होते'

हा दुसरा आक्षेप. खेड्यापाड्यांचे ठीक आहे, आपल्या घरची बाळंतपणे चांगल्या दवाखान्यांत होतात, आपला काय संबंध? बंधूंनो, आमच्या ताईचे बाळंतपणही चांगल्या दवाखान्यातच झाले होते.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात मोठा अभ्यास झाला आणि २०१६ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये तो आला. त्या रुग्णालयांतच जन्मलेली साडेतेरा हजार बाळे अतिदक्षता विभागात दाखल झाली. त्यांतल्या दर शंभरातील चौदांना जंतुसंसर्ग झाला, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश जन्मानंतर पहिल्या ७२ तासांतच. सर्वांत जास्त सापडलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर. तो रुग्णालयाच्या वातावरणात घर करून राहणारा म्हणूनच डॉक्टरमंडळींना ठाऊक आहे. सापडलेल्या त्या जंतूंपैकी शंभरात ८२ अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे निघाले. पहिल्या तीन दिवसांत असा जंतू बाळाच्या रक्तात कुठून आला असेल? कोणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, कुठल्या तरी नळीतून, प्रसूतीच्या टेबलावरून.

आणि औषधे बोथट होण्यात आपला वाटा नाही असे समजू नका. साध्या सर्दीला केमिस्टकडून परस्पर 'जोरदार' गोळी आणणारे, डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर दोन दिवसांत थांबणारे, आणि प्रतिजैविक लिहून न देणाऱ्या डॉक्टरला 'काही येत नाही' म्हणून सोडून दुसऱ्याकडे जाणारे आपणच. अवेळी वाया घालवलेली ती गोळी खरी गरज लागेल तेव्हा आपल्याच नातवाच्या कामी येणार नाही.

आता आपल्या दारातले पाहू. २०२५ च्या ऑगस्टअखेर आपल्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या नवजात कक्षात दोन बाळांना उंदरांनी चावे घेतले. दोन्ही बाळे दगावली. रुग्णालयाकडून त्या वेळी जन्मजात व्यंग, रक्तातला जंतुसंसर्ग अशी कारणे पुढे करण्यात आली. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. होळकरांचे नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. त्या नावाच्या इमारतीत हे घडले आणि आपल्या संस्थेने निषेधाचे चार ओळींचे पत्रकसुद्धा काढले नाही. त्या आठवड्यात आपण उत्सवात गर्क होतो.

'जंतुसंसर्गाने मृत्यू' हे शब्द कागदावर लिहिले की विषय संपला असे आपल्याकडे मानतात. आमच्या आजीची सटवाई आणि सरकारी कागदावरचा जंतुसंसर्ग यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे लिहिणारा अदृश्य आणि विचारणारा कोणी नाही. वास्तविक त्या शब्दांपासून चौकशी सुरू व्हायला हवी. जंतू कुठला, कुठून आला, त्या पाळीला किती बाळांमागे एक परिचारिका होती?

मध्य प्रदेशचा हिशेब

सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीचे २०२० चे आकडे पाहा. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे: देशात २०, महाराष्ट्रात ११, केरळात ४. आपल्या मध्य प्रदेशात ३१. म्हणजे जे बाळ जळगाव जिल्ह्यात जन्मले असते तर जगण्याची शक्यता अधिक होती, तेच सीमेच्या अलीकडे बऱ्हाणपूरला जन्मले म्हणून धोका जवळपास तिपटीचा. सगळेच मृत्यू जंतुसंसर्गाचे नसतात. अपुऱ्या दिवसांचे बाळ, जन्मताना गुदमरणे ही दुसरी मोठी कारणे आहेत. पण जंतुसंसर्ग हे असे कारण आहे की त्यावर स्वस्त औषध आहे, ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत आणि टाळण्याचा पहिला उपाय साबण आहे.

आपण दोन-अडीचशे वर्षे या मातीत आहोत. इथले पाणी पिऊन मोठे झालो, इथे मतदान करतो. महाराष्ट्रातले चांगले काय, ते इकडे आणून लावणे हे आपले काम, की नुसतीच तिकडची नाटके बोलावणे? नाटके यावीतच. पण गडचिरोलीही मराठीच आहे.

घरापासून सुरुवात

सरकारला विचारण्याआधी आपले घर झाडले पाहिजे. नाळेवर तेल, हळद, राख, काही लावायचे नाही. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवायची. पहिला चीक पिळून टाकायचा नाही, ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. मध चाटवायचा नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने फक्त आईचे दूध. डोळ्यांत काजळ नको, कानानाकात तेल नको. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, मग ते आजोबा असोत की मंत्री.

जुने ते सगळे टाकाऊ असेही मी म्हणत नाही. दहा दिवसांचे सोयर पाळायचे, बाळंतिणीच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना मज्जाव करायचा, यात शहाणपणा होता. गंमत अशी की आपण नेमके तेच सोडले. आता तिसऱ्या दिवशी वीस जण मोबाइल घेऊन बाळाभोवती उभे असतात, आणि मधाचे बोट मात्र चालूच आहे. ठेवायचे ते टाकले, टाकायचे ते ठेवले!

बाळ कमी वजनाचे असेल तर आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवणे हा उपाय कोणत्याही यंत्राइतका मोलाचा आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. जन्मल्याबरोबर आईजवळ ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू शंभरामागे १२ होते. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे आधी यंत्रात ठेवून बाळ स्थिरावल्यावर आईकडे देण्याच्या पद्धतीत, ते जवळपास १६ होते. जंतुसंसर्गही आईजवळच्या बाळांत कमी आढळला. आपल्या बहुतेक नवजात कक्षांच्या दारावर आजही पहिली पाटी असते 'प्रवेश बंद', आणि ती आईलाही लागू असते.

माझ्या मागण्या

पुढील निवडणुकीत उमेदवार नेहमीप्रमाणे आपल्या सभागृहात येतील, 'मराठी समाजाचे योगदान' वगैरे बोलतील. आपण नेहमीप्रमाणे भवनासाठी जागा आणि एखाद्या चौकाला नाव मागू. या खेपेला तीन प्रश्न विचारू. प्रत्येक उपकेंद्रावर एएनएमकडे जेंटामायसिन, सिरिंज, वजनकाटा आणि थर्मामीटर आहे का, याची यादी जाहीर करणार काय? प्रत्येक सरकारी नवजात कक्षात दर महिन्याला किती बाळांना दाखल झाल्यावर जंतुसंसर्ग झाला, किती दगावली आणि रात्री किती परिचारिका होत्या, हे फलकावर लिहिणार काय? आशाचे पैसे वेळेवर आणि तिच्या श्रमाला शोभतील इतके देणार काय? उत्तर 'पाहू' असेल तर हारही 'पाहू'.

संस्थेकडे माझी मागणी अशी आहे. वॉर्मरचा ठराव फेरविचारासाठी पुढच्या बैठकीत घ्यावा. त्याच पैशातून आपल्या आसपासच्या वस्त्यांतल्या आशांना चांगली थर्मामीटरे आणि सेकंदकाट्याची घड्याळे द्यावीत, आणि धोक्याच्या लक्षणांचे पत्रक मराठीत, हिंदीत व भिलीत छापावे. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला मोफत उपचार आणि मोफत वाहन मिळण्याचा हक्क २०११ पासून आहे, हेही त्यात ठळक असावे. अनेकांना ते ठाऊकच नसते.

महिला शाखेला तर माझी हात जोडून विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे लुटले जातात. या संक्रांतीला वाण म्हणून थर्मामीटर लुटा. तिळगुळासोबत ती लक्षणे प्रत्येकीला ऐकवा. एकीच्या जरी घरात कोणी 'किती शहाणं बाळ' म्हणताना थबकले आणि बाळाच्या पायाला हात लावून पाहिला, तरी ते वाण कारणी लागले.

आमच्या ताईची मुलगी आज असती तर तिशीची झाली असती. ताई आजही पाचवीच्या पूजेला कोणाकडे जात नाही. ज्या सभासदांना हा डॉक्टरांचा विषय वाटतो, त्यांनी पुढच्या बैठकीत तसे उभे राहून पुन्हा सांगावे. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.